तळहाताखालचा चेंडू

१९८५ साली शिकायला अमेरिकेत गेलो, तेव्हा आमच्या विद्यापीठात तळघरात गेम्सची एक खोली होती. बहुतेक यंत्रांवर गोळीबार चालू असे. एकावर मात्र बंदूक नाही, दांडा नाही. समोर नुसता एक गुळगुळीत चेंडू बसवलेला. तळहाताने तो फिरवला की पडद्यावर निळी गोटी उतारावरून सुसाट निघे. अटारीचा १९८४ सालचा ‘मार्बल मॅडनेस’. टप्पे अवघे सहा. पाचव्यात तर उतारांची रीतच उलटी, गोटी वर जाते! माझे पाव-पाव डॉलर तिथेच गेले.

तो बनवणारा मार्क सर्नी सतराव्या वर्षी अटारीत लागला होता. मूळ कल्पना मिनी गोल्फची: जमिनीचे चढउतार चेंडूची वाट ठरवतात, तेच पडद्यावर आणायचं. चेंडू टोलवण्याचा खेळ अटारीला काही रुचला नाही. मग घड्याळाशी शर्यत आली.

बरंच झालं, असं मला पुढे मुलांना घेऊन खऱ्या मिनी गोल्फला गेल्यावर वाटलं. तिथे काठी लागली की संपलं. चेंडू कडेला आपटतो, भोकाजवळून निघून जातो आणि आपण लांबून मान वाकडी करून बघत राहतो. सर्नीने काठी काढून टाकली, उतार ठेवले आणि धावत्या गोटीवर खेळणाऱ्याचा हात कायम राहू दिला. माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे.

म्हणूनच घरच्या निन्टेन्डोवर हा खेळ आला तेव्हा मजा येईना. चित्रं ओळखीची, संगीतही जवळपास तेच. पण अंगठ्याने बटण दाबून गोटीचा वेग कळत नाही. पुढे संगणकावर माउसने खेळलो, ते त्यातल्या त्यात बरं. मुलाने प्लेस्टेशन ४ घेतला, तेव्हा त्याची रचना करणाऱ्यांत प्रमुख म्हणून सर्नीचंच नाव वाचलं आणि उगाचच घरचं कुणी मोठं झाल्यासारखा आनंद झाला.

अटारीनेही १९९१ साली दुसरा भाग करून पाहिला होता. त्यात चेंडू जाऊन जॉयस्टिक आली. चाचणीत लोकांनी पाठ फिरवली आणि तो बाजारात आलाच नाही.

जुनं यंत्र कुठे चालू दिसलं तर अंगठी काढून ठेवा आणि चेंडू जोरात ढकला. गोटी आवरायची असेल तर तितक्याच जोराने उलटा फिरवा.