निंबावरची गुळवेल

शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घोड आणि भीमेच्या काठची उसाची शेती सोडली तर बराचसा मुलूख कोरड्या माळाचा आहे, आणि गळवे, जुनाट खाज, अंगावर पित्त उठणे अशा तक्रारींवर रक्तशुद्धीसाठी कोणत्या वनस्पती हाताशी असतील हे या मुलखानेच ठरवले आहे. बांधावरचा कडुनिंब, त्यावर चढलेली गुळवेल आणि माळावरचा जांभळट फुलांचा काटेरी धमासा जवळच मिळतात. मंजिष्ठा मात्र ओल्या डोंगरउतारावरची वेल असल्याने तिची तांबडी मुळे काष्ठौषधींच्या दुकानातून आणावी लागतात.

आयुर्वेदाने रक्तवह स्रोतसाचे, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचे, मूळ यकृत आणि प्लीहा सांगितले असून पित्त बिघडले की त्याच्या आश्रयाचे रक्तही दूषित होते असे मानले आहे. त्यामुळे रक्तशुद्धी म्हणजे रक्तातला मळ धुऊन काढणे नव्हे. पित्त शमवणे आणि पचन मार्गी लावणे हाच तिचा गाभा आहे, आणि आंबट, खारट व दारू आधी बंद करायला लावणारा वैद्य अर्धी चिकित्सा तिथेच करतो.

निंबावर वाढलेली गुळवेल श्रेष्ठ समजली जाते. तिच्या अंगठ्याएवढ्या जाड कांडीचा पातळ पापुद्रा नखाने सोलला की खाली हिरवी साल दिसते, आणि आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना उघडते. शार्ङ्गधरसंहितेप्रमाणे भरडीच्या सोळापट पाणी घालून ते मंद आचेवर एक अष्टमांश उरेपर्यंत आटवले की काढा होतो. सुगंधी उपळसरीचा वास मात्र इतक्या उकळीने उडून जातो, म्हणून तिचा फांट, म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळलेले औषध, अधिक योग्य ठरतो.

२०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, खोडावर ठळक गाठी असलेल्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते असे आयुष मंत्रालयाने बजावले. हा इशारा गांभीर्यानेच घ्यायला हवा: तयार भुकटीपेक्षा पानासकट वेल पारखून घ्यावी, आणि डोळे पिवळे दिसले तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करावी. मंजिष्ठेने लघवीला येणारी तांबूस छटा तिच्या रंगद्रव्याची असते, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवलेले बरे.