दशमीच्या रात्री घर सोडले



चाळीस वर्षे आपल्यासारख्या श्रोत्यांसमोर उभा राहून बोललो. आता दम्यामुळे तासभर उभे राहवत नाही, म्हणून बसून लिहितो. लिहायचे आहे ते माझ्याच एका हट्टाविषयी. तो हट्ट त्या रात्री मला निष्ठा वाटला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे घर आरमोरी तालुक्यात, गावापासून अर्ध्या कोसावर असलेल्या टोलीत आहे. दहाबारा घरे. पश्चिमेला धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे गावचा तलाव. पूर्वेला सांदवाडीचे कुंपण संपले की जंगलच. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, मधून मधून बांबूची बेटे. पावसाळ्यात या जंगलात दहा हात पलीकडचे दिसत नाही. माघ-फाल्गुनात पानगळ होते आणि घोटा बुडेल एवढा वाळला पाला जमिनीवर साचतो. देशावरच्या माळांतून पालखीबरोबर चालणाऱ्या माउलींना उन्हाळ्यातले हे जंगल डोळ्यांपुढे आणायचे असेल तर अंगणभर पसरलेले पापड आठवावेत. पाय ठेवला की आवाज होतो.

चैत्रात मोह गळतो. फुले पहाटे पडतात, ती पाल्यात लपतात, म्हणून वेचणारा माणूस झाडाखालचा पाला पेटवतो. जमीन काळी झाली की पिवळसर फूल लगेच दिसते. तेंदूला नवी कोवळी पाने फुटावीत म्हणूनही जाळतात. आरक्षित जंगलात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण मी कोणाला नावे ठेवू? माझी आईही मोहाखाली पाला जाळत असे. ती हातात हिरवी फांदी धरून उभी राही, आणि राख गार झाल्याशिवाय जागेवरून हलत नसे. आता वाघाच्या भीतीने माणूस जंगलात फार वेळ थांबत नाही. आमच्या वडसा वनविभागात अलीकडच्या वर्षांत वाघ वाढले, माणसेही दगावली. पेटवायचे आणि घाईने निघून यायचे, असे होऊन बसले आहे. त्या दिवशीची आग कोणाची होती याचा मला अंदाज आहे. तो इथे लिहिणार नाही.

रामनवमीचा दुसरा दिवस, चैत्र शुद्ध दशमी. तीन वर्षे झाली. उद्याच्या एकादशीला गावच्या मंदिरात जागर ठरलेला. दुपारी तुळशीवृंदावनाजवळ बसलो होतो, तर तुळशीच्या पानांवर काळी कातडी येऊन पडू लागली. हात लावला की भुगा. वर पाहिले तर ऊन पिवळे पडलेले. जंगल लागले होते हे सकाळपासूनच माहीत होते. दरवर्षीच लागते. आमच्याकडची आग शेंड्यावरून उडत येत नाही, पाल्यातून सरपटत येते, गुडघा-कमरेएवढी, आणि नाला किंवा पायवाट आडवी आली की बरेचदा तिथेच बसते. म्हणून कोणी फार मनावर घेत नाही. त्या दिवशी वारा पूर्वेचा सुटला, तो आमच्या बाजूला.

संध्याकाळी वनरक्षक आले. त्यांच्याबरोबर चारसहा पोरे, पाठीवर पाला उडवणारी यंत्रे. डेहराडूनहून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा निरोप त्यांच्या मोबाइलवर येतो म्हणे. पण निरोप आला तरी जंगलात पायीच जावे लागते. त्यांनी हात जोडून सांगितले, बायका, लेकरे आणि म्हातारी माणसे यांनी अंधार पडायच्या आत तलावापलीकडच्या शाळेत जावे. धडधाकट माणसे राहिली तर जाळरेषा काढायला बरी. टोलीतली माणसे निघाली. शेळ्या, कोंबड्या, धानाची पोती, एकीच्या डोक्यावर शिवणयंत्र. माझा मुलगा फांदी घेऊन आगीकडे गेला. सून नातवंडांना शाळेत पोहोचवून परत आली ती मला न्यायला.

मी म्हणालो, मी येत नाही.

वीणा गळ्यात घालून ओसरीवर बसलो. तिला म्हणालो, आयुष्यभर लोकांना सांगत आलो की देवावर भार टाका, आता मीच पळालो तर ती सगळी कीर्तने खोटी ठरतील. काल्याच्या कीर्तनात दावाग्नीचा प्रसंग मी किती वेळा रंगवला असेल. गायी गवताच्या लोभाने मुंज वनात शिरतात, गोपाळ त्यांच्या मागे जातात, चारी बाजूंनी वणवा पेटतो. भगवंत म्हणतात, डोळे मिटा. तिथे मी सगळ्या मंडपाला डोळे मिटायला लावत असे, आणि पखवाज थांबला की हजार माणसांच्या श्वासाचा तेवढा आवाज येई. सुनेला मी तेच सांगितले. ती ऐकून घेत होती. शिकलेली आहे, कीर्तनाला बसणारी आहे, आणि मला कधी उलटून बोललेली नाही.

आणखी एक कारण होते, ते तिला सांगितले नाही. त्या ओसरीच्या भिंती माझ्या पत्नीने सारवलेल्या. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. भिंतीत एके ठिकाणी तिच्या बोटांचे चार ओघळ तसेच राहिले आहेत. घर जळणार असेल तर ते बाहेरून कशाला पाहायचे, असे मनात होते. वैराग्याच्या गोष्टी बोलणारा माणूस मातीच्या चार रेघांपाशी अडून बसला होता.

सून म्हणाली, "मामाजी, तुमी नाई निघत तर हे बी नाई निघत. तिकडे आग विझवून रायले, पण सारं ध्यान तुमच्याकडं. दोनदा मागं वळून आले. वनरक्षक रागावले. आता ठिणगी उडाली तर हे तुमाले काढाले घरात घुसन. मंग मी काय करू?"

एवढे बोलून ती कोठ्याकडे गेली आणि गायीचे दावे सोडू लागली. गाय भेदरलेली, गाठ आवळलेली. तिने विळ्याने दोर कापला.

वाचकहो, महाभारतातल्या आश्रमवासिक पर्वाची कथा आपणांस ठाऊक आहे. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात असताना वणवा येतो. उपासाने शरीरे थकलेली, पळता येत नाही. तिघे तिथेच बसतात आणि अग्नीला देह देतात. ही कथा मला फार प्रिय. जन्मभर पुत्रमोहाने आंधळा राहिलेला राजा शेवटी कसा सुटला, असे मी सांगत असे. माणसे रडत. ओसरीवर बसताना ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते, हे मी नाकारत नाही. म्हातारपणी माणसाला आपल्या मरणाचेही कीर्तन करावेसे वाटते.

पण सुनेचा विळा त्या दोरावर चालत असताना मला संजय आठवला. तो त्या तिघांबरोबर होता. धृतराष्ट्र त्याला काय सांगतो? तू जा, आग नाही अशा जागी जा, आमचे आम्ही पाहतो. आणि संजय जातो, पुढे हिमालयाकडे निघून जातो. मी कीर्तनात हे एका वाक्यात उरकत असे, कारण रंग पुढे भरायचा असे. त्या आंधळ्याने बसण्यापूर्वी आपल्यासाठी थांबलेल्या माणसाला मोकळे केले होते. मी कोणाला मोकळे केले होते? माझ्या मुलाला मी घरातल्या खांबाला बांधून ठेवले होते, आणि त्याचे दावे कापायला विळा चालणार नव्हता. मी बसलो तर तो जाणार नाही. तू जा म्हणून ओरडलो असतो तरी गेला नसता. कोणता मुलगा जाईल?

आणि दावाग्नीतले ते गोपाळ. ते तरी कुठे बसून राहिले होते? सैरावैरा झाले, हाका मारू लागले. डोळे मिटले ते त्यानंतर, सांगितल्यावर. मला तर वनरक्षकाने हात जोडून सांगितले होते.

उठलो. काय घेतले ते सांगतो. वीणा, ज्ञानेश्वरीची जुनी प्रत, दम्याचा पंप. गाथा मोठी म्हणून राहिली. कीर्तनाच्या टिपणांच्या वह्या, चाळीस वर्षांच्या, लोखंडी पेटीत होत्या. पेटी दोघांनाही उचलेना. पत्नीच्या बोटांच्या रेघांवर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण सून पाहत होती. वासरू पुढे, गाय मागे, आम्ही दोघे त्यांच्या मागून बांध्यांच्या धुऱ्यावरून निघालो. पाठीमागे बांबू फुटत होता. बांबूच्या पेरातली हवा तापली की बंदुकीसारखा आवाज होतो. गाय त्या आवाजाने बिथरली आणि काळोखात निघून गेली. माझ्या छातीत धूर बसला होता. तलावाच्या पाळीवर दोनदा बसलो. घरी थांबलो असतो तर आगीची वाट पाहावी लागली नसती, धुरानेच माझे काम झाले असते. हे मला तिथे बसल्यावर कळले.

शाळेत रात्रभर कोणी झोपले नाही. लेकरांनी गोष्ट मागितली. मी त्यांना खांडववनातल्या शार्ङ्गक पक्ष्यांची सांगितली. जरिता ही आई, चार पिल्ले, पंख न फुटलेली, आणि आग येते आहे. आई म्हणते, या बिळात शिरा, मी वर माती टाकते. पिल्ले म्हणतात, बिळात उंदीर आहे, तिथे मरण ठरलेले आहे. आगीचे तसे नाही, वारा कदाचित फिरेलही. तू जा. आई रडते आणि उडून जाते. पुढे पिल्ले अग्नीची स्तुती करतात आणि अग्नी त्यांना सोडतो. आई परत येते. एका पोराने विचारले, "आई गेली तं पिल्लांले राग नाई आला?" मी म्हणालो, त्यांनीच तिला जा म्हटले होते. पोराला ते काही पटले नाही.

पहाटे वारा पडला. माणसांनी बांध्यांच्या कडेने पाला ओढून मातीची पट्टी काढली होती, तिच्यावर आग येऊन विझली. घर वाचले. तणसाच्या ढिगावर मात्र ठिणगी पडली. ढीग गेला, कोठ्याचे छप्पर गेले. मुलगा परत आला तेव्हा भुवया जळालेल्या, तळहातांना फोड. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "बरं झालं बाबा, निघाले तं." मला त्याच्याकडे पाहता येईना.

टोलीतले एक जाणते गृहस्थ मला पुढे म्हणाले, महाराज, घरी एक माणूस असता तर तणसावरची ठिणगी बादलीभर पाण्याने विझली असती. खरे असेल. नातवाने मोबाइलवर वाचून दाखवले, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लोकांना दोन वाटा सांगून ठेवत: तयारी करून थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ ला तिथे असे वणवे आले की १७३ माणसे गेली, त्यांतली पुष्कळ आपापल्या घरात. त्यानंतर फार वाईट दिवशी थांबू नका, आधीच निघा, असे सांगणे सुरू झाले. तिथली आग आणि आमची आग यांत फार अंतर आहे, हे मला कळते. पण तयारी करून थांबणाऱ्याजवळ दमदार छाती, पाणी आणि अंगात जोर लागतो. माझ्याजवळ वीणा होती.

जाणत्या गृहस्थांना मी एवढेच म्हटले, पुढच्या वर्षी तणस घरापासून लांब रचू. तसे रचतोही. होळी झाली की सांदवाडीपलीकडचा पाला वीस हात आत ओढून नेतो. मी झाडतो, मुलगा ओढतो, मध्येच पंप घ्यावा लागतो. मोहाखाली जुन्या साड्या आणि जाळ्या अंथरतो, फूल त्यावर पडते. चारपाच घरांनी आता असे सुरू केले आहे, बाकीची जाळतात. आमच्या शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, नंतर जिल्ह्यातल्या पुष्कळ ग्रामसभांना मिळाला. जंगल आपल्या नावावर असले की त्याला लागलेली आग आपल्या घराला लागल्यासारखी वाटत असावी. आमच्या टोलीत अजून ती सरकारच्या घराला लागते.

माघ संपला की दाराजवळ एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात पंप, ज्ञानेश्वरी, बॅटरी, धोतरजोडी. वह्यांची पेटी मुलाने गावातल्या मंदिरात नेऊन ठेवली. वीस-पंचवीस आषाढी वाऱ्यांना मी घराला कुलूप लावून निघालो तेव्हा कधी मागे वळून पाहिले नव्हते, आणि त्या रात्री अर्धा कोस जाताना किती वेळा पाहिले ते मोजले नाही.

गाय तिसऱ्या दिवशी परत आली. मागच्या एका खुराला भाजले होते, गळ्यात कापलेल्या दोराचा तुकडा लोंबत होता. कोठा नव्हता, म्हणून ओसरीच्या खांबालाच बांधायला निघालो, तर सून म्हणाली, "मामाजी, राहू द्या तिले मोकळी." मग रात्रभर ती अंगणात, तुळशीजवळ बसून होती.