चाल कुणाची, भाव कुणाचा?



पर्युषण जवळ आलं की महिला मंडळात एक वाद ठरलेला. स्तवनाला सिनेमाच्या गाण्याची चाल लावावी की नाही? ज्येष्ठ बायका म्हणतात, भगवंतासमोर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे नट-नटी नाचायला लागले तर ती कसली भक्ती? सुना म्हणतात, चाल ओळखीची असली की सगळ्याजणी गातात, नाहीतर चौघी गातात आणि बाकीच्या नुसत्या टाळ्या वाजवतात. दोघींचंही खरं आहे. या वादाकडे नीट बघायला मला शिकवलं ते एका इंग्रजी गाण्यानं. 'हालेलुया' त्याचं नाव.

ते लिहिलं कॅनडातल्या लिओनार्ड कोहेन यांनी. ज्यू घराण्यातले, आधी कवी, मग गायक. 'हालेलुया' हा हिब्रू शब्द. अर्थ, 'देवाची स्तुती करा'. पण हे गाणं म्हणजे निव्वळ स्तोत्र नाही. त्यात बायबलमधला राजा डेव्हिड आणि त्याला पडलेला मोह येतो, सॅमसनचे कापलेले केस येतात, मोडलेल्या प्रेमाचं दुःखही येतं. आपण ज्याला मोहनीय कर्म म्हणतो, त्याचीच ही गोष्ट. कोहेन यांनी या गाण्यासाठी कितीतरी कडवी लिहिली आणि खोडली. १९८४ मध्ये 'व्हेरियस पोझिशन्स' या अल्बमसाठी ते रेकॉर्ड झालं, तर कोलंबिया या त्यांच्याच कंपनीनं तो अल्बम अमेरिकेत काढायला नकार दिला.

गाणं जगलं ते दुसऱ्यांच्या गळ्यातून. १९९१ मध्ये जॉन केल या वेल्सच्या गायकानं कोहेन यांच्याकडे शब्द मागितले, तर फॅक्सवर पंधराएक पानं आली! त्यातली हवी ती कडवी निवडून त्यानं पियानोवर गाणं म्हटलं. ते ऐकून जेफ बकली या तरुणानं १९९४ मध्ये गिटारवर गायलं. तीनच वर्षांनी, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो नदीत बुडून गेला आणि त्याचा आवाज लोकांच्या मनात घर करून राहिला. २००१ मध्ये 'श्रेक' या कार्टून सिनेमात केलचं गाणं आलं आणि ते मुलांनाही पाठ झालं. २००८ च्या नाताळात ब्रिटनमध्ये तर गंमतच झाली. टीव्हीवरची स्पर्धा जिंकलेल्या अलेक्झांड्रा बर्कचं 'हालेलुया' पहिल्या क्रमांकावर, बकलीचं दुसऱ्या, आणि मूळ कोहेन यांचं छत्तिसाव्या!

आता हे गाणं लग्नात गातात, नाताळात गातात, शोकसभेतही गातात. बहुतेकांच्या कानात उरतो तो एकच शब्द. मोह, पडणं, तरीही मान वर करून स्तुती करणं, हा गाण्याचा जीव कडव्यांत आहे, आणि कडवीच गाळली जातात.

माझी भाची अमेरिकेत शाळेच्या गायनवृंदात आहे. तिथे हे गाणं बसवलं जात होतं. तिच्या आईला काळजी, परक्या देशात मुलगी आपलं विसरायची. भाचीनं मला फोनवर विचारलं, "मावशी, मी हे म्हटलं तर चालेल का? यात आपले भगवान नाहीत ना."

मी म्हटलं, "म्हण बाळा. पण आधी सगळी कडवी वाच, आणि अर्थ मला सांग. मग णमोकार मंत्राचाही अर्थ सांग."

गाण्याचा अर्थ तिनं भराभर सांगितला. णमोकारापाशी मात्र अडली. रोज झोपताना म्हणते, पण अर्थ विचारल्यावर गप्प. मग आम्ही दोघींनी एकेक पद घेतलं. 'हालेलुया' दुसऱ्यांना सांगतं, स्तुती करा. णमोकारात मी स्वतः नमन करते. त्यात एकाही तीर्थंकरांचं नाव नाही, काही मागणंही नाही; अरिहंतांपासून साधूंपर्यंत पाच पदांना, त्यांच्या गुणांना नमन आहे. हे कळल्यावर ती म्हणाली, "मग दोन्ही वेगळं आहे, मावशी. मी गाणं म्हणेन, आणि णमोकार सावकाश म्हणेन."

बहिणीला मी एवढंच सांगितलं, परक्या स्तोत्राला घाबरू नकोस. आपलंच अर्थाशिवाय म्हटलं जातं, काळजी त्याची कर.

आणि उसनी चाल आपल्याकडे नवी नाही. जुन्या गुजराती-राजस्थानी जैन हस्तलिखितांत स्तवनाच्या डोक्यावर 'देशी' लिहिलेली असते, म्हणजे अमक्या लोकगीताच्या चालीवर हे म्हणावं. त्यातली कितीतरी लोकगीतं आज कुणाला आठवत नाहीत, पण स्तवनं मंदिरात गायली जातात. कारण त्या कवींनी शब्दांत तत्त्व भरलं होतं. चाल फक्त ते वाहून नेत होती.

म्हणून यंदा मंडळात मी तीन गोष्टी सुचवल्या. मूळ गाणं शृंगाराचं असेल तर ती चाल नको. स्तवन सुरू करण्यापूर्वी एकीनं दोन मिनिटं अर्थ सांगावा. आणि वेळ कमी असेल तर एक स्तवन कमी करावं, पण घेतलेल्या स्तवनाची कडवी गाळू नयेत. तिसरी सूचना आधी ज्येष्ठ बायकांनी उचलून धरली, मग सुनांनीही.

उत्तम क्षमा, जय जिनेंद्र.