भुताला घर लागतं

दिल्लीत ऑक्टोबर सरत आला की सातवीण फुलते. दिवसभर धुळीत निमूट उभी असलेली ही झाडं अंधार पडला की असा काही वास सोडतात की गाडीच्या काचा वर असल्या तरी तो आत शिरतो. गोड, जड, जरा डोकं धरायला लावणारा. पश्चिम घाटात या झाडात सैतान राहतो म्हणून त्याखाली बसायला नको म्हणणारे लोक आहेत. दिल्लीकरांनी तेच झाड रस्तोरस्ती रांगेनं लावलं. भुताच्या सिनेमांचा मोसम मला या वासावरून कळतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हॅलोविनचं आमंत्रण त्यानंतर येतं.

ते येतंच. नोएडा, गुडगावच्या सोसायट्यांत आता भोपळे कोरतात, पोरं काळे झगे घालून दारोदार चॉकलेटं गोळा करतात, आणि त्याच बाल्कन्यांतून दिवाळीच्या माळा लोंबत असतात. २०२४ साली तर दिल्लीची दिवाळी ३१ ऑक्टोबरलाच आली. आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांनी लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी दिलं होतं. एकाच लिफ्टमध्ये कवटीचा मुखवटा घातलेला मुलगा आणि मिठाईचा डबा घेतलेली आजी. मला त्यात काही खटकत नाही. पितृपक्षात आपण कावळ्याला पान ठेवतो, धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा लावतो, इथले चित्तरंजन पार्कातले बंगाली भूत चतुर्दशीला चौदा दिवे लावतात. एवढ्या गर्दीत एक भोपळा आला, तर येऊ दे बापडा.

जॉन कार्पेंटरचा १९७८चा ‘हॅलोविन’ मी या दिवसांत लावते, पण गंमत म्हणून. पडद्यावर पानगळीची संध्याकाळ, आणि चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात. म्हणून पानं रंगवायची, रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. दिल्लीत बसून हे बघायला मजा येते, कारण इथली पानगळही फेब्रुवारी-मार्चमधली. त्यातल्या खुन्याचा तो पांढराफटक मुखवटा मुळात ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, वर रंग फासलेला; हे समजल्यावर तर घाबरणं अवघडच. शिवाय तो मायकेल मायर्स माणसं का मारतो, याला काही कारणच नाही.

आपल्या भुतांचं तसं नसतं. त्यांचं काहीतरी राहिलेलं असतं. कुणाचं येणं, कुणाचा जमिनीचा तुकडा, कुणाचं लग्न. आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’त (२०२४) मुंजीनंतर दहा दिवसांत मेलेला पोरगा पिंपळावर बसून लग्नाचा हट्ट धरतो आणि पुण्यातल्या एका भिडस्त मुलाला छळतो. तो मुलगा झालेला अभय वर्मा पानिपतचा. पानिपत सरकारी नकाशात आता एनसीआरमध्ये मोडतं. १७६१ पासून त्या गावाच्या नावानं मराठी माणसाच्या पोटात गोळा येत आला. आता आपला मुंज्या पानिपतच्या पोराच्या मानगुटीवर बसला, थोडी फिटंफाट झाली म्हणायची.

पण वर्षातून एकदाच बघायचा म्हणून मी राखून ठेवते तो ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा, २०१८चा. १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंतची गोष्ट, हिंदीत बोलणारी आणि हाडामांसानं मराठी. नाव श्री. ना. पेंडशांच्या कोकणातलं, बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतलं, वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. आणि पाऊस खरा. तो पकडण्यासाठी ही मंडळी कित्येक पावसाळे थांबली होती. सिनेमाभर ऊन म्हणून पडत नाही. दिल्लीच्या कोरड्या, धुरकट ऑक्टोबरात, आभाळ नावाची गोष्ट करड्या पडद्यामागे गेलेली असताना हा सिनेमा लावला की भीती बाजूलाच राहते. मी शेवाळलेला चिरा बघत बसते. साखळीनं बांधलेली ती म्हातारी, तिला भरवायची आईची लगबग, बाहेर धो धो कोसळणारं पाणी. भुताच्या सिनेमानं माणसाला घरची ओढ लावावी, हे त्या म्हातारीला कळलं तर तीच आधी दचकेल. २०२४च्या सप्टेंबरात तो थिएटरांत पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी रात्रीच्या खेळाला गेले. नोएडाच्या मॉलमधली पोरं त्यातला शापित देव हस्तर आला की किंचाळत होती आणि मी त्या अंगणातली पागोळी ऐकत होते.

रामसे बंधूंचे सिनेमे मी पटकन उरकते. त्यांची हवेली, त्यांचा धूर, ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) तो सामरी: सगळं आवडतं, पण आता घाबरवत नाही. मला जास्त टोचतो तो राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ (२००३). ना वाडा, ना माळरान. मुंबईतल्या टॉवरमधला साधा फ्लॅट. लिफ्ट, वॉचमन, पार्किंग. गाणीही नाहीत. ऊर्मिला मातोंडकरच्या अंगात येते ती मंजीत याच घरात राहून, याच इमारतीवरून खाली पडून मेलेली असते. म्हणजे फ्लॅट नवा वाटला तरी त्याला आधी कुणाचं तरी बिऱ्हाड लागतंच. झपाटायला आधी कुणीतरी राहून जावं लागतं.

इथे माझी पंचाईत होते. खिडकीतून दिसणाऱ्या टॉवरांपैकी कित्येक वर्षानुवर्षं अर्धेच उभे आहेत. पंचवीस मजले, एकही दिवा नाही. त्यांत कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणी भांडून दार आपटलं नाही. पैसे भरलेली माणसं दुसरीकडे भाड्यानं राहून हप्ते फेडतायत. नोएडाच्या सेक्टर ९३-एमधले शंभरेक मीटर उंच जोड मनोरे २८ ऑगस्ट २०२२ला काही सेकंदांत सुरुंगांनी पाडले, तेही तसेच, कुणी राहायच्या आत गेले. अशा इमारतीचं भूत कसं दिसत असेल? की तिचे मालकच बाहेरून तिला झपाटत असतात?

जे नाहीच, त्याची भीती या भागाला नवी नाही. २००१च्या मे महिन्यात गाझियाबादकडून पूर्व दिल्लीत ‘काला बंदर’ आला. वीज गेलेली, उकाड्यानं लोक गच्चीवर झोपलेले. कुणी ओरडलं की अख्खी गल्ली धावायची. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, बक्षीस लावलं, घाबरून गच्चीवरून पडून माणसं मेली. बंदर सापडला नाही, कारण तो नव्हताच. ‘दिल्ली ६’मध्ये (२००९) त्याचं रूपक झालं, छान चकचकीत. त्या गच्च्यांवरचा घाम त्यात नाही.

मला या प्रदेशाचा खरा भयपट वाटतो तो मूळचा मराठी आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’, २०१७ साली थिएटरांत आला. देणेकऱ्यांपासून लपायला एक गरोदर बाई नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या घरात येते. पूजा सावंत, आणि समोर उषा नाईक: काळजी घेणारी, तूपभात वाढणारी, अंगावर शहारा आणणारी. फुरियांनीच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला (२०२१), नुसरत भरुचा आणि मिता वशिष्ठला घेऊन. शेवट सांगत नाही. एवढंच, की या भुताचं मूळ मुलगी नको म्हणणाऱ्या घरात आहे. म्हणजे राहून गेलेल्यांचं हे भूत नव्हेच. ज्यांना येऊच दिलं नाही, त्यांचं. ऑक्टोबरअखेर गाझियाबादहून मेरठकडे निघालात तर दोन्ही बाजूंना ऊस गाडीपेक्षा उंच उभा असतो. तो सिनेमा पाहिल्यापासून त्या रस्त्यावर मी काच खाली करत नाही.

गेल्या हॅलोविनला क्लबहाउसमधला गोंगाट नको म्हणून शेजारच्या आंटीजी आमच्याकडे येऊन बसल्या. माहेर झज्जरचं. मी ‘छोरी’ लावला. मिता वशिष्ठ त्या गरोदर बाईला लाडानं भरवू लागली तशा त्या शेंगदाणे सोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, ‘‘बेटा, ये तो हमारे यहाँ का है।’’

२०११च्या जनगणनेत झज्जरमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ७८२ मुली होत्या. ते आकडे त्यांना माझ्याकडून कळायची गरज नव्हती. मी म्हटलं, आंटीजी, हा सिनेमा मुळात आमच्याकडचा आहे, मराठीतला.

‘‘अच्छा?’’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘‘आपके यहाँ भी?’’

आमच्याकडेही, म्हटलं. बीडमध्ये ८०७. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा जिल्हा.

सिनेमा आम्ही पुरता पाहिला. मध्ये दोनदा बेल वाजली, मी चॉकलेटं देऊन आले. जाताना आंटीजी म्हणाल्या, तो मराठीवाला पण लाव एकदा, भाषा कळली नाही तरी चालेल. शनिवार ठरला. त्या सुनेलाही घेऊन येणार आहेत.