जॉइंट खाते

गाडीचा आवाज दुसऱ्याला सांगणे ही एक कला आहे आणि बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात ती नव्हती. पोटदुखी शब्दांत सांगता येते, दातदुखी चेहऱ्यावरून कळते. गाडीचा आवाज मात्र तोंडाने काढून दाखवावा लागतो. आमच्या मारुती आठशेच्या पुढच्या बाजूने वळणावर येणारा ‘कट् कट् कट्’ असा आवाज मी एका आठवड्यात बँकेतल्या चौघांना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना आणि दूधवाल्याला काढून दाखवला. शेवटी शेवटी तो इतका हुबेहूब जमू लागला की गाडी सोबत नेण्याची गरजच उरली नाही. शेजाऱ्यांनी डोळे मिटून ऐकले आणि ‘बेअरिंग’ असा निकाल दिला. आमच्या रोखपालांच्या मते शॉकअब्सॉर्बर. दूधवाला म्हणाला, गाडी विका. पण आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूच्या दुखण्यावर, मग तो टेबलफॅन का असेना, तो हाच उपाय सांगतो.

एरवी अस्मादिकांनी तो आवाज सहा महिने ऐकून घेतला असता. वीस वर्षे काउंटरवर बसलेल्या माणसाला आवाजाचे काय एवढे? पण तेव्हा आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरत होते. म्हणजे डॉक्टरांचे ठरले होते, आईचे नव्हते. ‘आधी सगळ्या तपासण्या होऊ द्या, मग बघू,’ या तिच्या धोरणामुळे दर दोन दिवसांनी तिला कुठे ना कुठे न्यावे लागे, आणि रिक्षाची पायरी तिला चढवत नसे. गाडी बंद पडणे परवडणारे नव्हते.

आधी एका वातानुकूलित सर्व्हिस सेंटरात गेलो. तिथे टाय लावलेल्या मुलाने माझा आवाज ऐकला नाही, टाइप केला. तासाभराने छापील अंदाजपत्रक हाती आले : दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, दोन्ही बेअरिंगे, मजुरी आणि कर धरून साडेचौदा हजार. मी विचारले, ‘‘नेमके काय गेले आहे?’’ तो म्हणाला, ‘‘असेंब्ली, सर. पूर्ण बदलावी लागेल.’’ असेंब्ली हा शब्द मी आजवर विधानसभेसाठी राखून ठेवला होता. तीही एकदा गेली की पूर्णच बदलावी लागते, हे खरे. पण त्याचा खर्च निदान एकट्या माझ्या खात्यावर पडत नाही.

म्हणून पुंडलिकनगर. गजानन महाराज मंदिराच्या बाजूने आत शिरले की घरे, किराणा दुकाने, क्लासेसच्या पाट्या आणि या सगळ्यांत एक पत्र्याची शेड. पाटी नाही. मालकाला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. त्यांनी ना बॉनेट उघडले, ना मला आवाज काढू दिला. (इतकी तयारी वाया गेली, याचे वाईट वाटले.) शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘स्टेअरिंग पूर्ण डावीकडं तोडा आणि हळूहळू गोल फिरा.’’ मी फिरलो. मग उजवीकडे. मागच्या सीटवरच्या आईला बसल्या जागी प्रदक्षिणा घडत होत्या. डावीकडे फिरताना आवाज खणखणीत, उजवीकडे जवळजवळ गप्प.

‘‘उजवा गेला,’’ उस्ताद म्हणाले.

‘‘पण आवाज तर डावीकडे वळताना येतो!’’

‘‘म्हणून तर उजवा. डावीकडं वळताना सगळा भार बाहेरच्या चाकावर. ते कोणतं? उजवं.’’

मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. डाव्या रकान्यातल्या घोळाचे मूळ उजव्या रकान्यात सापडते, हा तर आमचा रोजचा अनुभव!

उस्ताद गाडीखाली गेले आणि आतून आवाज आला, ‘‘साहेब, बूट फाटलाय.’’ मी निमूटपणे पाय मागे घेतले. बूट म्हणजे शाफ्टच्या सांध्यावर घातलेली, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांची रबरी टोपी. आत ग्रीस असते. वयाने रबर तडकते, तडकलेल्या जागेतून ग्रीस बाहेर उडते आणि धूळ आत जाते. जायकवाडीची नवी जलवाहिनी टाकताना आमच्या शहरातले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना धूळ कुठून आली हे सांगायला नको.

अँबॅसिडर आणि पद्मिनीला हा त्रास नव्हता. त्यांची मागची चाके गाडी ढकलायची, पुढची नुसती वळायची. कामाची वाटणी स्पष्ट होती. १९८३ साली मारुती आली आणि पुढच्याच चाकांनी ओढायचेही आणि वळायचेही असे ठरले. रोखपालानेच पासबुकेही भरावीत, तसे. आता फिरणारा दांडा मध्येच वाकवायचा म्हणजे पंचाईत. आमच्या पाणचक्कीत पाण्यावर फिरणारा दांडा सरळ वर जाऊन जाते फिरवी. त्याला कुठल्या चौकात वळायचे नव्हते. साध्या क्रॉसच्या सांध्याने दांडा वाकवला, तर प्रत्येक फेऱ्यात पुढचा भाग दोनदा वेग घेतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. गाडी हिसके खात जाईल. यावर फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात तोड काढली : एका वाटीत सहा पोलादी गोळ्या, वाटीला आतून खाचा. दांडा कितीही वाकडा होवो, अलीकडे जेवढा वेग तेवढाच पलीकडे. मुख्य कार्यालयाचा हुकूम शाखेपर्यंत जसाच्या तसा पोचावा, अशी व्यवस्था आमच्याकडे अजून कोणी शोधलेली नाही.

प्रत्यक्ष कामात मला ब्रेक दाबून धरण्याचे पद मिळाले. चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करावा लागतो. तो सुटेपर्यंत उस्तादांचा आयटीआय झालेला मदतनीस लांब पाइप लावून पान्यावर अक्षरशः उभा राहिला. मग जॅक लागला, चाक निघाले, शाफ्ट बाहेर आला आणि गिअरबॉक्समधून तेलाची धार तसराळ्यात पडू लागली. बूट कापल्यावर आतून मसाल्याच्या वाटणासारखा काळा, खरखरीत गोळा निघाला. हातोडीच्या दोन ठोक्यांत सांधा सुटला. उस्तादांनी तो रॉकेलने धुतला आणि माझ्या हातावर ठेवला. खाचांमध्ये नखाला लागतील असे खड्डे पडले होते. साडेचौदा हजारांच्या छापील कागदावर जे मला कळले नव्हते, ते बोट फिरवल्याबरोबर कळले. जोडपत्रासकट व्हाउचर!

‘‘असाच चालवला असता तर?’’

‘‘एक दिवस तुटला असता. मग इंजिन ओरडणार, गिअर पडणार, गाडी हलणार नाही. एका बाजूला पकड राहिली नाही की दुसरा चांगला असून उपयोग नाही.’’

म्हणजे दोघांच्या सहीचे खाते. एकाने सही नाकारली की दुसऱ्याने चेकबुक घेऊन कितीही नाचावे.

डाव्या शाफ्टचा बूट शाबूत होता. उस्तादांनी तो फडक्याने पुसला आणि सोडून दिला. दोन्ही चाके हाताने फिरवून पाहिली. ‘‘बेअरिंगं चांगली आहेत. उगीच कशाला बदलायची?’’ शेजाऱ्यांना हे कसे सांगावे, याचा मी विचार करू लागलो.

इतका वेळ खुर्चीवर बसून सारे पाहत असलेल्या आईने अचानक विचारले, ‘‘का हो, नुसतं ग्रीस भरून नाही का चालणार?’’

‘‘आवाज यायच्या आधी आला असता तर चाललं असतं, माय. आता खाचा झिजल्या. वंगण कितीही भरलं तरी झीज भरून येत नाही.’’

आई काही बोलली नाही. आमच्या घरात ही घटना विरळाच. डॉक्टरांनी हेच तिला तीन वेळा समजावले होते, एकदा तर रंगीत चित्र दाखवून.

नवा जॉइंट, बूट, ग्रीस, गिअर ऑइल आणि मजुरी मिळून दोन हजार तीनशे झाले. हिशोब नव्या जॉइंटच्या खोक्यावरच पेन्सिलीने लिहिलेला. मी सवयीने बेरीज तपासली, जुळली. प्लॉटवर डावीकडून एक प्रदक्षिणा घातली, गाडी गप्प. जुना सांधा आईने मागून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर फाइल उघडतात न उघडतात तोच ती म्हणाली, ‘‘करून टाका ऑपरेशन. फक्त एक सांगा, जुना पार्ट दाखवणार ना?’’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहू लागलो. तेवढ्यात आईने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून त्यांच्या टेबलावर सोडायला सुरुवात केली होती.