भंडारदऱ्याची नाव आणि जॅकेटचा पट्टा

संगमनेर सोडून अकोले, राजूर मागे टाकत गाडी शेंडीकडे चढू लागली की आपला जिल्हा ओळखू येत नाही. अहिल्यानगर म्हटले की एरवी आठवतात त्या चारा छावण्या, टँकरची वाट पाहणारी गावे आणि उसाचे फड. अकोल्याचा हा पश्चिम कोपरा मात्र भाताचा, धुक्याचा आणि धबधब्यांचा. एका बाजूला राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, दुसरीकडे रतनगड, आणि मध्ये प्रवरा नदी अडवून केलेले भंडारदरा धरण. १९१० साली सुरू झालेले बांधकाम १९२६ साली संपले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले, तर जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. सुमारे ११ टीएमसी पाणी इथे साठते आणि खालच्या तालुक्यांची शेती त्यावर पोसली जाते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो. सोबत अम्मी, खाला आणि बारावीतला भाचा. धरण काठोकाठ भरलेले. सकाळी पोहोचलो, झाडाखाली दस्तरखान अंथरून खिमा-पराठे खाल्ले आणि नावेसाठी काठावर उतरलो. उर्दूत नावाड्याला नाखुदा म्हणतात. मूळ शब्द फारसी, अर्थ नावेचा मालक. कोकणातला नाखवा त्याचाच भाऊ. हे मुलांना सांगत होतो तेवढ्यात नाखुदाने नारिंगी जॅकेटांचा ढीग समोर टाकला आणि घरात दोन तट पडले.

भाचा म्हणाला, "मामू, मला पोहता येतं, मला कशाला?" खालांची अडचण वेगळी होती. बुरख्यावर जॅकेट चढवायचे आणि परक्या माणसाने पुढे येऊन पट्टे आवळायचे, हे त्यांना रुचेना. "मी नुसतं हातात धरून बसते," त्या म्हणाल्या.

भाच्याला आम्ही सुगावची आठवण करून दिली. सुगाव अकोले तालुक्यातलेच, याच प्रवरेच्या काठावरचे. २०२४ च्या मे महिन्यात तिथे दोन तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले आणि २३ मे रोजी त्या पथकाचीच बोट उलटून तीन जवान गेले. त्याच्या दोनच दिवस आधी उजनीच्या फुगवट्यात, कुगावहून कळाशीला निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण दगावले, एकटा पोहून काठाला लागला. शिकलेसवरलेले जवानही जिथे हरतात, तिथे विहिरीत शिकलेल्या पोहण्याचा काय भरवसा? भाचा काही बोलला नाही, पण जॅकेट चढवले.

खालांचा प्रश्न अम्मींनी सोडवला. "इकडे ये, मी बांधते," म्हणत त्यांनी बहिणीचे तिन्ही पट्टे स्वतः लावले. बायकांनी एकमेकींचे पट्टे बांधावेत, एवढा साधा हा इलाज आहे. जॅकेट बुरख्याच्या आत मात्र घालू नये. पाण्यात कापड फुगून तोंडावर येते आणि वाचवणाऱ्याच्या हाताला धरायला काही सापडत नाही. हातात धरलेले जॅकेट पहिल्याच हिसक्याला सुटून जाते.

नाव निघाली तसा मुलांनी विचारले, एवढ्याशा फोमने एवढा माणूस कसा तरतो? वर्गात आर्किमिडीज शिकवतो, तेच इथे सांगितले. पाणी आपला बहुतेक भार स्वतःच उचलते. डोके वर राहण्यासाठी मोठ्या माणसाला साधारण तीन ते साडेपाच किलोंचाच जास्तीचा आधार लागतो. हा आधार न्यूटनमध्ये मोजतात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. ५० न्यूटनचे जॅकेट शिडाच्या छोट्या होड्या चालवणारे खेळाडू वापरतात. ते पोहणाऱ्याला मदत करते, बेशुद्ध माणसाला उताणे करीलच असे नाही. १५० न्यूटनचे जॅकेट बहुतेक वेळा बेशुद्धाचेही तोंड वर ठेवते. आकडा आतल्या पट्टीवर छापलेला असतो, तो वाचावा.

पण जास्त आधार म्हणजे सगळे संकट टळले असेही नाही. छत असलेली नाव उलटली, तर तेच जॅकेट माणसाला आतल्या बाजूने वर दाबून धरते आणि बुडी मारून बाहेर येणे कठीण होते. म्हणून अशा नावेत उघड्या कडेजवळ बसावे, आणि नाव कलंडू लागताच आत दबा धरून न राहता बाहेर पडावे. शिडाच्या होडीत दोर, शीड आणि कमरेचा हूक यांत अडकण्याचा धोका असतो, म्हणून तिथले खेळाडू दोर कापायला सुरी जवळ ठेवतात. आपल्यासाठी धडा तोच: पायाशी दोराचे वेटोळे नको, गळ्यात आडवी पर्स नको, ओढणीची टोके खोचलेली असावीत. तान्हे मूल ओढणीने किंवा पट्ट्याने स्वतःच्या अंगाला कधीच बांधू नये; त्याला त्याच्या मापाचे जॅकेट हवे.

नदीवरच्या बंधाऱ्याखाली तर जॅकेटवरही विसंबता येत नाही. वरून पडणारे पाणी खाली गोल फिरत राहते, माणसाला परत परत आत ओढते, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळल्याने तरंगण्याचा आधारही कमी होतो. बंधारा वरून शांत दिसला तरी त्याच्याजवळ उतरू नये.

रतनवाडीच्या बाजूला डोंगराची सावली पाण्यावर उतरली होती. अम्मी बराच वेळ गप्प बसून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सुभानल्लाह, हे आपल्याच जिल्ह्यात आहे आणि मी सत्तरीत पाहते आहे."

वाचक भगिनी-बंधूंनो, ही सहल जरूर करा. नावेत पाय ठेवण्याआधी माणसे मोजा आणि जॅकेटे मोजा. प्रत्येकाचे जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढून पाहा. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर पट्टे सैल आहेत किंवा माप चुकले आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. तुटक्या बकलचे जॅकेट बदलून मागायला संकोच करू नका. शाळेची सहल असेल आणि जॅकेटे कमी पडत असतील, तर एका फेरीच्या दोन फेऱ्या करा. भाडे दुप्पट होईल, तेवढेच.