नदीत मासा आहे, पण एकाच जातीचा

भीमेच्या काठाला, उजनीच्या फुगवट्यावर आमचा ऊस आहे. गावातली म्हातारी माणसं बोटं मोडत माशांच्या जाती मोजतात. आज बाजारात बघावं तर चिलापीच चिलापी.

चिलापी इथली नव्हेच, १९५२ साली बाहेरून भारतात आणली. तिला साचलेलं, घाण पाणीही चालतं. महसीरला वाहतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. याच खोऱ्यातल्या, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरची शास्त्रीय नोंद साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केली. पुढे धरणं झाली, वाळू उपसली, शहरांचं सांडपाणी आलं.

हे जगभर चाललंय. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २०२४ च्या अहवालात गोड्या पाण्यातल्या प्राण्यांच्या संख्येत १९७० ते २०२० दरम्यान सरासरी ८५ टक्के घट दिली आहे. म्हणजे शंभरातले ८५ मासे मेले असं नाही; ज्या ठिकाणी मोजणी होते, तिथल्या घटीची ही सरासरी.

धरण आपल्या हातात नाही, नत्र आहे. युरिया एकदम टाकून भरपूर पाणी सोडलं की तो ओढ्यातून नदीत जातो, त्यावर जलपर्णी पोसते. तिने पाणी झाकलं की खाली प्राणवायू घटतो. चिलापी तग धरते, बाकीचे जातात. म्हणून युरिया हप्त्याहप्त्याने द्या, काठाला गवताचा पट्टा ठेवा, फवारणीचा पंप ओढ्यात धुवू नका. तेच पाणी आपली जनावरं पितात.

तुमच्याकडे कुठला मासा दिसेनासा झाला? गावाकडचं नाव आणि अंदाजे साल लिहा.